बॉयलर इन्स्पेक्टरच्या आठ कुंड्या

उन्हाळा लागला की आमच्या नर्सरीत रोज एक तरी शहाणा येतो. हातात पिशवी, पिशवीत करपलेलं झाड, आणि चेहऱ्यावर असा भाव की झाडानंच ह्याचा विश्वासघात केलाय. "तुमच्याकडूनच नेलं होतं. आठ दिवसांत गेलं." मी विचारते, कुठे ठेवलं होतं? "खिडकीत. छान ऊन येतं तिथे." छान ऊन! अहो, दुपारी तीनच्या त्या छान उन्हात तुम्ही काचेला नाक लावून अर्धा तास उभे राहा, मग आपण बोलू. बावीस वर्षं मी त्या काउंटरच्या मागे उभी आहे आणि बावीस वर्षं तेच सांगतेय. घरातलं फुलझाड काचेपासून दोन हात मागे घ्या. दुपारी पातळ पडदा ओढा. पाणी सकाळी घाला. भर दुपारी पानांनी मान टाकली म्हणून लगेच तांब्या उपडा करू नका, आधी मातीत बोट घालून बघा. लोक माना डोलावतात, घरी जातात आणि नेमकं उलटं करतात. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

पण ह्या सगळ्या शहाण्यांचा सरदार माझ्याच नात्यात निघाला. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे भावजी.

भावजी बॉयलर इन्स्पेक्टर. होते, म्हणायला हवं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. कापडाच्या गिरण्या, साबणाचे कारखाने, हॉस्पिटलांची धुलाईघरं, जिथे वाफ तिथे भावजी. ते येणार म्हटलं की बॉयलर दोन दिवस आधी विझवून थंड करून ठेवायचा. मग हे जुना डगला चढवून त्या एवढ्याशा भोकातून आत शिरायचे, आणि हातातल्या छोट्या हातोडीनं आतला पत्रा ठोकत, कान लावून ऐकत बसायचे. आवाज खणखणीत आला तर पास. बद्द आला तर कारखाना बंद. एकतीस वर्षं मोठमोठे मालक त्या भोकाबाहेर हात बांधून उभे राहिले. एवढ्यानं कुणाचीही मान ताठ होईल. भावजींची तर मुळात कधी वाकलेलीच नव्हती.

लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आईनं चहा टाकला होता. हे उठून स्वयंपाकघरात गेले, स्टोव्हपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "ज्योत पिवळी आहे. तुमचं इंधन वाया जातंय." आई बिचारी घाबरून स्टोव्हच विझवायला निघाली. तो चहा कसा झाला होता, ते भावजींनी आजतागायत सांगितलेलं नाही.

आणि आमची ताई म्हणजे गरीब गाय. कुकरच्या शिट्ट्या हे मोजणार, दूध किती अंशांवर उतू जातं ते हे सांगणार, अंघोळीचं पाणी हात घालून तपासणार, आणि ताई सगळ्यावर म्हणणार, "बरं." एकोणचाळीस वर्षं बरं! मी असते तर पहिल्याच महिन्यात हातोडी लपवली असती. त्या घरात ताईचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं: पुढच्या खोलीतल्या खिडकीतल्या आठ कुंड्या. तीन आफ्रिकन व्हायोलेट, दोन अँथुरियम, एक बिगोनिया, एक पीस लिली आणि एक ऑर्किड. सगळी झाडं माझ्याच नर्सरीतली, आम्ही टाकून दिलेली. कुजलेली, वाकलेली, गिऱ्हाइकानं परत आणलेली. मी ती कचऱ्यात टाकायच्या आधी ताईकडे न्यायचे आणि ती ती जगवायची. भावजी त्याला म्हणायचे, "तुझा पालापाचोळा." त्या खिडकीत पाहणी नव्हती, म्हणून ताईला ती आवडत असणार, असा माझा कयास.

त्यातलं ऑर्किड चार वर्षं नुसतं पानांवर होतं. ह्या वर्षी त्यानं दांडा काढला आणि दांड्यावर सात कळ्या धरल्या. आणि नेमका तेव्हाच ताईचा गुडघा गेला.

शस्त्रक्रिया नीट झाली. पण डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे जिना चढायचा नाही. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझं तळमजल्यावर. मग हॉस्पिटलातून ती थेट माझ्याकडे आली. भावजी टॅक्सीतून बरोबर आले, माझ्या बाथरूमचा गीझर बघितला, "ह्याचा व्हॉल्व्ह कधी बदललाय?" असं विचारलं, आणि गेले. ताईला काही बोलले असतील तर माझ्या कानावर आलं नाही.

आता माझंही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझे यजमान जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लांब, तिच्या संसारात. संध्याकाळी मी कुलूप उघडून आत आले की आधी रेडिओ लावायचा आणि मग चपला काढायच्या, अशी सवय मला लागून गेली होती. ताई आली आणि रेडिओवर धूळ बसली. घरी यावं तर दिवा लागलेला, चहाचं आधण ठेवलेलं, आणि ताई काठी टेकत विचारतेय, "आज कोण कोण येऊन भांडलं?" आम्ही दोघी रात्री जेवताना भावजींच्या नकला करायचो. मी करायचे आणि ती हसायची, खरं सांगायचं तर. इतकी वर्षं तिच्या तोंडून बरंशिवाय काही ऐकलं नव्हतं. हसताना ती अगदी आईसारखी दिसते, हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ती एकदम म्हणाली, "इथेच राहू का गं मी?"

माझ्या काळजात लक्कन हललं. पण माझी जीभ म्हणजे ना! मी म्हटलं, "आधी तुझ्या इन्स्पेक्टरला विचार, पास करतात का."

ती हसली. मग काठीशी चाळा करत म्हणाली, "ह्यांना माझ्याशिवाय एक तरी जीव सांभाळता येतो का ते बघायचंय मला. माझी झाडं जगवली तर जाईन. नाहीतर राहीन तुझ्याकडे."

ती हे हसत हसत म्हणाली. मी मात्र ते गाठीला बांधलं. ती झाडं मरणार, ह्यात मला तिळमात्र शंका नव्हती. ज्या माणसाला स्वतःच्या बायकोला काय आवडतं ते माहीत नाही, त्याला व्हायोलेटला काय आवडतं ते काय कपाळ कळणार?

गुरुवारी माझी सुट्टी. ताईनं मला तिचे कपडे आणायला पाठवलं. खरं म्हणजे ऑर्किड बघायला.

भावजींनी दार उघडलं. कानावर पेन्सिल. "ये. चपला बाहेर." आत जाऊन बघते तर काय, आठही कुंड्यांवर पांढऱ्या रंगानं क्रमांक घातलेले, एक ते आठ. प्रत्येक मातीत एक थर्मामीटर खुपसलेला. बाजूला पुठ्ठ्याची लांब वही, तिच्यात रकाने: सकाळी सहा, नऊ, बारा, तीन, संध्याकाळी सहा. माझी हसून मुरकुंडी वळायची बाकी राहिली. रुग्णालयात सुद्धा इतकं कोणी कुणाला बघत नाही.

मग त्यांनी हातोडी काढली. हो, तीच. एक नंबरच्या कुंडीवर हळूच टकटक केलं. "ऐक. खणखणीत. म्हणजे कोरडी. हिला पाणी." दोन नंबरवर टकटक. "बद्द. ओली आहे. हिला आज नको."

आणि ते बरोबर होतं. मातीची कुंडी तसंच बोलते. आमचा म्हातारा माळी हेच नखानं करायचा, आणि नवीन मुलींना ते शिकवायला मला वर्ष वर्ष लागतं. ह्यांनी बॉयलरवरून आपलं आपण ओळखलं होतं. पण हे मी बोलले नाही. आधीच स्वतःवर खूश असलेला माणूस, त्याला आणि हरभऱ्याच्या झाडावर कशाला चढवा? झाडं सगळी टवटवीत होती. ऑर्किडच्या कळ्या शेंगदाण्याएवढ्या झालेल्या. घरी येताना बसमध्ये मला चक्क रागच आला. कुणाचा, ते विचारू नका.

"कशी आहेत?" ताईनं दारातच विचारलं.

"जिवंत आहेत," मी म्हटलं. "अजून."

मग दोन गुरुवार मला जायला जमलं नाही. तिसऱ्या गुरुवारी गेले तर त्या खोलीत शिरल्यावर डोळेच दिपले. समोर जुनं गोदाम होतं, चार मजली, काळं. त्याच्या सावलीवर ताईची ती खिडकी इतकी वर्षं जगत आली होती. ते गोदाम पाडून टाकलं होतं. नुसतं रिकामं मैदान, आणि त्याच्यावरून पश्चिमेचं ऊन थेट खोलीच्या मध्यापर्यंत आलेलं. खिडकीवरचा पातळ पडदाही दिसेना.

"पडदा कुठे गेला?" मी विचारलं.

"धुतला मी," भावजी म्हणाले. "इस्त्री करून कपाटात ठेवलाय. ती येईपर्यंत मळायला नको."

घ्या! झाडं उन्हात आणि पडदा सावलीत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो हा. भावजी वही पुढे करून सांगत होते, "तीन वाजताचं तापमान वाढलंय. पण काळजी नको. उष्णतेशी माझी एकतीस वर्षांची ओळख आहे. माझ्या डोक्यात एक आहे." त्यांच्या डोक्यात नेहमीच एक असतं. व्हायोलेटची पानं कडेला फिकट पडायला लागली होती. कुंड्या उचलून दोन हात मागे टेबलावर ठेवायच्या, तो पडदा लावायचा, झालं. पाच मिनिटांचं काम. मी तिथे उभी होते, माझे हात रिकामे होते.

मी काही केलं नाही. घरी येऊन ताईला गोदामाचंही सांगितलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर नको, असं मी मनाशी म्हटलं. मनाला काय, आपण म्हणू त्याला ते हो म्हणतं.

सहाव्या आठवड्यात त्यांच्या डोक्यातलं बाहेर पडलं होतं. मी दारातच थबकले. आठही कुंड्या चकाकत होत्या! वाफेच्या नळाला गुंडाळतात ना, तसं भावजींनी प्रत्येक कुंडीला आधी काचेची लोकर गुंडाळली होती आणि तिच्यावर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला होता. कात्रीनं कापून, कडा दुमडून, रिव्हेट मारून. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून मातीवरही पत्र्याची गोल कॉलर, मधून खोडापुरती फट ठेवलेली. काम इतकं सफाईचं की एखाद्या कारखान्यानं मान खाली घालावी. आणि त्या लखलखीत कॉलरींच्या वर माझ्या ताईची झाडं मरत होती.

मी एक व्हायोलेटचं पान उलटं केलं. वरून अजून हिरवं होतं. खालून तपकिरी, कागदासारखं कोरडं. मला एका क्षणात कळलं. अहो, पत्रा ऊन परतवतो, म्हणून कुंडी थंड राहते, हे खरं. पण परतवलेलं ऊन जाणार कुठे? वर. सरळ पानांच्या पोटात. पानाची पाठ ऊन सोसायला केलेली असते, पोट नाही. ही झाडं वरून भाजत होती आणि खालूनही भाजत होती. बॉयलरच्या बाहेर कोणी फुलं लावत नाही, म्हणून एकतीस वर्षांत हा प्रश्न भावजींना कधी पडलाच नव्हता. ही चूक करायला बॉयलर इन्स्पेक्टरच लागतो. साध्या मूर्खाच्या हातून ती झाली नसती.

ऑर्किडच्या दांड्यावर दोन कळ्या उरल्या होत्या. बाकीच्या पाच पिवळ्या पडून गळल्या होत्या. भावजींनी त्या एका बशीत ओळीनं मांडून ठेवल्या होत्या, पुरावा ठेवावा तशा.

मी चांगलं खरमरीत काहीतरी बोलायच्या तयारीत होते. पण भावजी त्या दिवशी ताठ नव्हते. दाढी वाढलेली. वही उघडून त्यांनी माझ्यापुढे धरली. "मातीचं तापमान चार अंशांनी उतरवलंय मी. हे बघ. पाणी बरोबर आहे, रोज ठोकून बघतो. हवा खेळती आहे. सगळं बरोबर आहे." मग खुर्चीत बसले. "मग जळतायत का गं? तू नर्सरीत आहेस. तुला काय वाटतं?"

एकोणचाळीस वर्षांत ह्या माणसानं मला काय वाटतं ते विचारलेलं नव्हतं. कुणालाच विचारलेलं नव्हतं. आणि मला उत्तर माहीत होतं. पत्रे काढा, कुंड्या मागे घ्या, पडदा लावा. तीन वाक्यं. काउंटरवर आल्यागेल्याला मी ती फुकट वाटते.

माझ्या डोळ्यापुढे माझ्या घराचं कुलूप आलं, आणि तो रेडिओ.

"ऊनच तसं आहे, भावजी," मी म्हटलं. "नाजूक जात. जगायची नाहीत ती."

भावजींनी कानावरची पेन्सिल काढली आणि वहीत तारीख घालून ते लिहून घेतलं. नाजूक जात. शब्द न् शब्द. मी तिथून निघाले तर ते दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या ताईला आत्ता सांगू नकोस. तिला वाटेल, मी लक्ष दिलं नाही."

आता कोणाच्याही पोटात हे राहिलं असतं. माझ्या नाही राहिलं. मला ते बाहेर काढायलाच हवं होतं, कारण आत ठेवलं असतं तर टोचलं असतं. म्हणून मी त्याची नक्कल केली. रात्री जेवायला बसलो तेव्हा मी चमचा घेऊन कपावर टकटक केलं. "ऐक! खणखणीत! कप कोरडा आहे, चहा ओत!" ताई हसायला लागली. मग मी क्रमांक सांगितले, थर्मामीटर सांगितले, बशीतल्या कळ्या तेवढ्या गाळल्या, रिव्हेट सांगितले. ताई गुडघा धरून हसत होती. "पुरे गं बाई, गुडघा दुखतो!" मला चेव चढला.

"आणि कॉलर! अगं, राजाच्या गळ्यात नसेल अशी कॉलर! धो धो ऊन येतंय, कॉलर चमचम चमकतेय, आणि खालून पानांची भाजी होतेय, आणि हे वहीत लिहितायत, चार अंश कमी!"

ताईचं हसू हळूहळू विझलं. "ऊन कुठून येतंय?" ती म्हणाली. "समोर गोदाम आहे ना."

उचलली जीभ लावली टाळ्याला, ती ही अशी. "पाडलं ते," मी म्हटलं.

"कधी?"

"झाले दोन-तीन आठवडे."

"आणि पडदा?"

"तो त्यांनी धुऊन ठेवलाय. तू येशील म्हणून."

ताईच्या ताटातला भात निवत होता. "तुला एका नजरेत कळलं असणार," ती म्हणाली. "पत्र्यामुळे जळतायत ते."

मी लोणच्याची बरणी पुढे ओढली.

"ह्यांनी तुला विचारलं का?"

"विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, नाजूक जात आहे."

तिनं हातातला घास खाली ठेवला. मी आपली सुरू झाले, खोटं पकडलं गेलं की माणूस बोलतो तसं. म्हटलं, तूच म्हणालीस ना, झाडं जगली तर जाईन. म्हटलं, एकोणचाळीस वर्षं त्या माणसानं तुला काय दिलं? म्हटलं, त्याला त्याचीच अक्कल बघू दे की एकदा. तुझ्यासाठीच केलं मी. किती बोलले, मलाच आठवत नाही.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. तिला ऐकायची सवयच आहे. मग म्हणाली, "ह्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

"ताई..."

"मी विचारलं होतं तुला, राहू का म्हणून. नुसतं राहा म्हणायचं होतंस. राहिले असते मी."

मी ताटं उचलून मोरीत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टॅक्सी बोलावली. सहा आठवडे पुरे व्हायला चार दिवस होते. मी म्हटलं, जिना आहे, डॉक्टर रागावतील, निदान मी बरोबर येते. ती म्हणाली, "तू नको. तुला कामावर उशीर होईल." बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. नंतर शेजारणीकडून कळलं की भावजींनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्ची मांडून ठेवली होती, आणि ती एकेक पायरी चढत असताना हे मागून, कठड्याला हात न लावता, तिला सावरायला दोन्ही हात मोकळे ठेवून, एकेक पायरी चढत होते. प्रत्येक मजल्यावर घड्याळ बघून तिला दोन मिनिटं बसवलं म्हणे. मोजल्याशिवाय ह्यांना दुसरं काही करता येत नाही. नाही तर नाही.

मी दहा-बारा दिवस फोन केला नाही. नर्सरीत मात्र माझा पारा चढलेला. एका बाईनं करपलेला बिगोनिया आणला तर मी तिच्यावर इतकी ओरडले की मालकानं मला बाजूला घेऊन पाणी दिलं. संध्याकाळी कुलूप उघडलं, रेडिओ लावला, चपला काढल्या.

तेराव्या दिवशी सुट्टी होती. सकाळी फोन वाजला. भावजी. मला वाटलं, आता ऐकवणार. ऐकवायचा त्यांना हक्कच होता, आणि मी उत्तरंही तयार ठेवली होती, चांगली तिखट.

"पत्रे काढले," ते म्हणाले. "लोकर ठेवली, ती बरोबर होती. कुंड्या मागे घेतल्या. पडदा साडेअकरा ते पाच. व्हायोलेट एक गेलं, दोन जगतील. ऑर्किडची एक कळी आज उघडली. म्हटलं, तुला कळवावं."

"बरं झालं," मी म्हटलं.

"तुझी ताई म्हणाली, पत्र्याचं तुझ्याच लक्षात आलं. तू घरी गेल्यावर विचार केलास आणि तिच्याकडे निरोप दिलास." त्यांनी घसा खाकरला. "मला काय सुचलं नसतं ते. तुझे उपकार झाले."

ह्या माणसानं माझ्या आईच्या चहाला कधी बरं म्हटलं नव्हतं. आणि आता माझे उपकार मानत होता, मी न केलेल्या गोष्टीबद्दल. मी कसंबसं म्हटलं, "असू दे हो भावजी. ताईला द्या ना फोन."

पलीकडे कोणीतरी हळू काहीतरी बोललं. मग भावजी म्हणाले, "ती झोपली आहे."

सकाळचे अकरा वाजले होते. आमची ताई आयुष्यात कधी सकाळी अकराला झोपलेली नाही.